समासाला लावलेली कात्री

हेडबाई आयुष्यात कोणाला घाबरल्या नव्हत्या. वीजमीटर वाचायला येणारा माणूस त्यांच्या दारात आधी पाय पुसायचा आणि मग आकडे वाचायचा. सोसायटीचे अध्यक्ष त्यांना जिन्यात पाहिलं की घरी काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर जायचे. ‘हेडबाई’ हे नाव जिन्यानेच ठेवलेलं. शाळेचं तोंड त्यांनी तिसरीपर्यंतच पाहिलं होतं, आणि शाळेनेही त्यांचं तोंड तेवढंच सोसलं असं त्या स्वतःच सांगत. अशी बाई एका रविवारी घाबरली, ती दाराआडून कानावर पडलेल्या एका वाक्याने.

"इथे भिंतीच नाहीत रे," सून मुलाला सांगत होती. "तिथे बघ, केवढ्या मोठ्या भिंती आहेत. माझी चित्रं किती दिवस पलंगाखाली ठेवायची?"

आणि मुलगा, ज्याला चालायला, बोलायला आणि नाक पुसायला हेडबाईंनी शिकवलं, तो म्हणाला, "बुधवारी जाऊन बघून येऊ. आईला आत्ता काही बोलू नको."

भिंती नाहीत म्हणजे काय? हेडबाईंनी ताबडतोब घरभर फिरून भिंती मोजल्या. सोळा निघाल्या. काही भिंती दोन्ही बाजूंनी मोजल्या गेल्या हे त्यांच्या लक्षात आलं, पण उत्तर आपल्या बाजूचं होतं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. मग त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. ही दोघं गेल्यावर या सोळा भिंती आणि आपण, एवढंच घरात उरणार. भांडायला माणूस नाही. चहात साखर जास्त झाली म्हणून सांगायला माणूस नाही. हातातली पळी त्यांनी ओट्यावर दोनदा आपटली. त्यांनी तिला डाफरून खाली ठेवलं.

आता ही चित्रं काय होती ते सांगायला हवं. सूनबाई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर बाटल्यांतलं घाण पाणी बघायचं आणि पगार झाला की त्याच घाण पाण्याची चित्रं विकत आणायची, असा तिचा शौक. निसर्गाची कशी वाट लागली हे दाखवणारी सहा चित्रं तिने चार वर्षांत एकेक करून जमवली होती. फेसाने भरलेली नदी. वितळणारा बर्फाचा डोंगर. पोटात बाटल्यांची झाकणं भरलेला पक्षी. उताणी पडलेली मधमाशी. आटलेलं तळं. आणि सिमेंटच्या जंगलात उभं एकटं झाड. बघून माणसाला घास गिळवू नये अशी एकेक. पण रंग मात्र असे, की नजर हटत नाही. नदीचा तो विषारी हिरवा रंग हेडबाईंना मनातून इतका आवडला होता, की तसं पडद्याचं कापड मिळतं का हे त्यांनी गुपचूप दोन दुकानांत विचारलं होतं.

"हाताने काढलेली आहेत का गं?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"नाही आई, छापलेली. बारीक जाळीच्या चौकटीतून एकेक रंग दाबून उतरवतात. पण चाळीसच छापली."

"का? शाई संपली?"

"मुद्दामच चाळीस. मग जाळी धुऊन टाकतात. पुन्हा कधीच निघत नाहीत."

चांगलं चालणारं काम मुद्दाम बंद करणाऱ्या त्या चित्रकार बाईबद्दल हेडबाईंचं मत तिथेच ठरलं होतं.

बुधवारी दोघं निघाली. ‘सुनेच्या कामासाठी चार दिवस’ असं मुलाने बुटांच्या नाड्यांकडे बघत सांगितलं. जाताना सून म्हणाली, "आई, पलंगाखालच्या पुठ्ठ्याच्या पाकिटाकडे लक्ष असू द्या हं. पाणीबिणी नको सांडायला."

"मी काय पाणी सांडत हिंडते?" हेडबाई म्हणाल्या. आणि दोघं जिना उतरली न उतरली तोच त्यांनी पलंगाखालून पाकीट ओढलं. लक्षच द्यायचं तर ते पूर्ण द्यावं, असा त्यांचा स्वभाव.

बेत साधा होता. शनिवारी दोघं परत येतात तो बैठकीच्या खोलीत सहाही चित्रं टांगलेली. सून दारातच थबकणार, ‘अगंबाई, भिंती होत्या की’ म्हणणार, आणि नव्या घराचा विषय तिथेच संपणार.

नाक्यावरचा फ्रेमवाला म्हणाला, "आठ दिवस लागतील."

"मला शनिवारी सकाळी हवीत."

"मग आठ दिवसांपूर्वी यायचं होतं, काकू."

पुढे त्याला जे ऐकायला मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हेडबाई घरी आल्या आणि माळ्यावर चढल्या. तिथे मालकांच्या सहा फ्रेमा होत्या. मालक म्हणजे त्यांचे यजमान, वारून नऊ वर्षं झालेले. नोकरीत एकही दिवस उशिरा न गेल्याबद्दल त्यांना दर पाच वर्षांनी एक प्रशस्तिपत्र मिळालं होतं. हेडबाईंनी फ्रेमा पुसल्या, मागचे खिळे उचकटले, आणि सहाही प्रशस्तिपत्रं काढून आपल्या कपड्यांखाली सपाट ठेवली. हात जरा अडखळला. पण मालक गेले होते आणि सून जाणार होती. थांबवता येण्यासारखी दुसरीच होती.

फ्रेमा छान होत्या, फक्त चित्रं चार बोटं जास्त. नीट बघितलं तर चित्राभोवती चारी बाजूंनी नुसता कोरा कागद सोडलेला. आता हेडबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं. कापडाची कड मोकळी दिसली की त्यांच्या बोटांना खाज सुटते. त्यात त्या कोऱ्या पट्टीवर खाली कोणीतरी पेन्सिलीने काहीबाही खरडलेलं. अक्षर असं, की मुंगी शाईत पडून चालत गेली असावी. छापील अक्षरं हेडबाई सावकाश लावत, पण हे काही लागेना. आकडे तेवढे कळले. बारा, तिरकी रेघ, चाळीस. सहाही चित्रांवर तेच.

चाळीसपैकी बारा! सहाही वेळा! ही चित्रकारीण कुठल्या परीक्षेला बसली होती देव जाणे, पण नापास झालेलं घरच्या भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवायचं नव्हतं. कापायला आणखी एक कारण मिळालं. त्यांनी शिवणाची मोठी कात्री घेतली, खडूने रेघ मारली आणि सर्र्कन सहाही चित्रांचे समास उतरवले. रेघ अशी सरळ, की कारखान्यात झाली नसती.

खालच्या पट्ट्या त्यांनी टाकल्या नाहीत. हेडबाई काहीच टाकत नाहीत. कागद चांगला जाड होता. दोन पट्ट्या घडी घालून जेवणाच्या टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली गेल्या. एक स्वयंपाकघराच्या खडखडणाऱ्या खिडकीत बसली. एकीवर काळा दोरा गुंडाळला. एक खालच्या मजल्यावरच्या कलमभाऊजींना पुस्तकात खूण घालायला दिली. आणि सहावीने त्यांनी शेगडी पेटवली.

गुरुवारी संध्याकाळी सुनेचा फोन आला. "आई, शनिवारी चित्रकार बाई स्वतः येणार आहेत. त्यांचं मोठं प्रदर्शन आहे, वीस वर्षांच्या कामाचं. या सहा चित्रांचा एकाच नंबरचा पूर्ण संच फक्त माझ्याकडे उरलाय, तो त्या महिनाभर नेणार आहेत. आम्ही सकाळीच पोचतो. तुम्ही फक्त पाकीट काढून ठेवा."

"काढलंय," हेडबाई म्हणाल्या. खोटं ते नव्हतं.

फोन ठेवला तरी त्यांना अजून कसली काळजी नव्हती. उलट त्या चित्रकारणीला आयत्या फ्रेमा मिळणार होत्या. शुक्रवारी सकाळी कलमभाऊजी वर्तमानपत्र परत करायला वर आले, तेव्हा सगळं कळलं.

कलमभाऊजी कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. बोलता बोलता कायद्याचं कलम सांगायची खोड, म्हणून ते नाव. त्यांनी चष्मा लावून भिंतीसमोरून एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे फेरी मारली.

"छान. सही कुठाय?"

"कसली सही?"

"वहिनी, असल्या छापांवर खाली नंबर आणि सही असते. चाळीसपैकी बारावा छाप, असं. त्यावरच तर त्याची सगळी किंमत. आमच्या कोर्टात असल्याच एका चित्राचा दावा नऊ वर्षं चालला. नंबर खोडला होता कोणीतरी."

"काय झालं त्याचं?"

"वादी वारला. प्रतिवादी वारला. निकाल लागायचाय."

हेडबाईंनी खुर्चीची पाठ धरली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय हे त्यांना आजवर दुसऱ्यांच्या तोंडांकडे बघून माहीत होतं. "समजा... कोणी नंबर कापला. खोडला नाही. सरळ कापला. तर?"

भाऊजींचा चेहरा बदलला. "कात्रीने? म्हणजे हत्यार वापरून?"

"शिवणाची कात्री आहे हो ती!"

"हत्यार ते हत्यार. दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस. त्यात वस्तू एकमेव. त्यात मालकाच्या गैरहजेरीत. त्यात विश्वासाने सोपवलेली." प्रत्येक ‘त्यात’ला भाऊजी एकेक बोट मिटत होते, आणि मूठ पूर्ण झाली तेव्हा ती हेडबाईंना आपल्याच गळ्याभोवती दिसली. "पट्ट्या कुठायत? पुरावा नष्ट केला असेल तर ते वेगळं कलम."

"एक तुमच्या पुस्तकात आहे."

कलमभाऊजी मटकन खाली बसले. चोरीचा माल ठाऊक नसताना बाळगणं याला काय लागू होतं ते त्यांना पाठ होतं, आणि ते आठवलं तसा त्यांचा रंग उतरला. घाम पुसत ते म्हणाले, "वहिनी, मी आज तुमच्याकडे आलोच नव्हतो." आणि पाच मिनिटांत जिन्यातून एक हात वर आला, पट्टी पायपुसण्यावर टाकून गेला.

उरलेल्या गोळा करायला हेडबाईंनी टेबल उचललं, खिडकी उचकटली, दोरा सोडला. पाच मिळाल्या. एकीला आठ घड्या, एकीवर काळ्या दोऱ्याचे वळ. सहावी राख होऊन परवाच्या चहात कामी आलेली.

तुरुंगाची भीती होतीच. बाई आहे म्हणून घरी सोडतील की नाही, तिथे पांघरूण घरचं चालतं की नाही, हेही त्यांचं मनाशी विचारून झालं. पण खरा धसका वेगळा होता. आजवर सून नुसती जायचं म्हणत होती. आता तिला जायला कारण मिळणार होतं, आणि ते हेडबाईंनी स्वतःच्या हाताने, खडूची रेघ मारून कापून दिलं होतं.

पट्ट्या पाचच उरल्या होत्या, तेव्हा सहाव्या चित्राला, म्हणजे एकट्या झाडाला, निदान सरकारी शिक्का तरी मिळवावा म्हणून त्या ते पिशवीत घालून खऱ्या प्रतींवर शिक्के मारणाऱ्या कार्यालयात गेल्या. तिसऱ्या खिडकीशी पाऊण तास रांग. शेजारी उभा असलेला प्रत्येक माणूस आपल्या पिशवीकडेच बघतोय असं त्यांना वाटत होतं. एका पहारेकऱ्याने जांभई दिली, तर त्या दचकल्या.

"मूळ आणि झेरॉक्स," खिडकीतला बाबू मान वर न करता म्हणाला.

"हे मूळच आहे. एवढं लिहून शिक्का द्या."

"झेरॉक्सशिवाय मूळ हे मूळ ठरत नाही."

त्या झेरॉक्स काढून आल्या. झाड काळं ठिक्कर आलं. बाबूने दोन्ही शेजारी ठेवली. "नंबर नाही, सही नाही, तारीख नाही. जुळवू काय?"

"झाड जुळवा की!"

"फांद्या मोजणं आमच्याकडे येत नाही. एक करा. नंबर का नाही, काय घडलं, ते स्वतःच्या हाताने अर्जात लिहून द्या. तीन आठवड्यांनी या."

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. एरवी त्या खिडकीची काचसुद्धा हेडबाईंच्या आवाजाने फुटली असती. पण स्वतःच्या हाताने लिहा म्हटल्यावर त्यांनी कागद हळूच परत सरकवला. त्यांची सही व्हायला वेळ लागे आणि त्या वेळात कोणी बघत असलेलं त्यांना चालत नसे. "चष्मा घरी राहिला," त्या म्हणाल्या. बाबूने मान वर केली आणि त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं. हेडबाईंनी झाड उचललं आणि चालू लागल्या.

घरी येऊन त्यांनी पिठाची खळ शिजवली आणि पट्ट्या परत चिकटवायला घेतल्या. कुठली पट्टी कुठल्या चित्राची? नंबर सगळ्यांवर तोच. बाकीचं खरडलेलं वाचता येईना, आणि ज्यांना वाचता आलं असतं ते कलमभाऊजी आतून कडी लावून बसलेले. शेवटी रंगाला रंग शोभेल अशा बेताने त्यांनी पाच पट्ट्या लावल्या. खळ ओली, कागदाला पोक आला. फ्रेमा पुन्हा बंद करून त्यांनी चित्रं टांगली आणि लांबून बघितलं. लांबून बरी दिसत होती. फारच लांबून, म्हणजे डोळे मिटून, तर उत्तम.

शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली, तेव्हा हेडबाईंच्या काळजाचा ठोका असा चुकला, की तो पुढच्या ठोक्याने भरून काढावा लागला. दारात सून, तिच्यामागे मुलगा, आणि त्यांच्याच मागे रिकाम्या पेट्या घेतलेली, रंगाने नखं काळी झालेली एक किडकिडीत बाई. चित्रकारीण.

सून थबकली. जशी बेतात थबकणार होती तशीच. फक्त पुढचं काही बोलली नाही.

चित्रकारीण नदीसमोर गेली. वाकली. पट्टीवरचं चित्राचं नाव मोठ्याने वाचलं, "मधमाशी." मग मधमाशीपाशी गेली. "हिमनग." पक्ष्यापाशी आली. "तळं." मग झाडापाशी, जिथे काहीच नव्हतं, तिथे बराच वेळ उभी राहिली.

"आई?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात लहानपणी काच फुटल्यावर असायची तशी भीती होती. फरक इतकाच, की या वेळी काच त्याने फोडली नव्हती.

हेडबाईंनी रात्रीच तीन उत्तरं तयार ठेवली होती. एकात उंदीर होता, एकात फ्रेमवाला होता, आणि तिसऱ्यात कलमभाऊजी होते. त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मी कापलं."

आयुष्यातली पहिली कबुली. जिन्यातून कोणाचा तरी धक्का बसल्यासारखा श्वास ऐकू आला. कलमभाऊजी दाराआड उभे होते.

सून भिंतीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले. "चार वर्षं, आई," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. ओरडली असती तर हेडबाईंना उत्तर देता आलं असतं. दार तिने आपटलंही नाही, हळूच लोटलं.

"पुन्हा सही कराल का हो?" मुलाने चित्रकारणीला विचारलं.

"नाही. सही एकदाच असते." मग ती हेडबाईंकडे वळली. "मावशी, कात्री कुठली वापरली?"

"शिवणाची."

"आणि रेघ?"

"खडूची."

"वीस वर्षं मी हेच छापतेय, की माणसं आपल्याला न कळलेली वस्तू आपल्या मापाची करायला कापून टाकतात. झाडं, नद्या. माझ्यावरच कोणी असं केलं नव्हतं." ती रागावली आहे की हसतेय, हेडबाईंना कळेना, आणि तेच जास्त भयंकर होतं. "मी ही अशीच नेणार. पण एक अट. ज्याने कापलं त्याने प्रत्येकाच्या मागे, काय केलं आणि का केलं, ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं. खाली सही. लोकांनी मागची बाजूपण बघायची."

"मी लिहितो," मुलगा पुढे झाला.

"तुम्ही कापलं?"

मुलगा मागे झाला.

टेबल आता पट्ट्यांशिवाय डुगडुगत होतं, म्हणून हेडबाई चित्रं फ्रेमांतून काढून जमिनीवर बसल्या. पेन्सिल त्यांनी सुईसारखी धरली. सगळे बघत होते आणि त्यांनी बघू दिलं. ‘हे मी कापले. फ्रेमीत बसत नव्हते.’ एकेका चित्राला पाव तास लागला. अक्षरं उतरणीला लागल्यासारखी खाली घसरत गेली. पाचव्याला कपाळावरचा घाम कागदावर पडला, तो चित्रकारणीने पुसू दिला नाही. सहावं झाड होतं. त्याच्यावर त्या सगळ्यात जास्त वेळ वाकून बसल्या, आणि लिहून झाल्यावर ते पालथंच ठेवून उठल्या आणि चहा टाकायला गेल्या.

स्वयंपाकघरातून त्यांना आतल्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. आधणाला उकळी आली, उतू गेलं, हेडबाईंनी गॅस बंद केला नाही. बाहेर सूनबाई एकेक कागद उलटून वाचत होती. पाच झाले. सहाव्यावर ‘फ्रेमीत बसत नव्हते’ नव्हतं. तिथे होतं, ‘तुम्ही घर सोडून जाऊ नये म्हणून.’ आणि खाली ती सही, पूर्ण नावाची, एकही अक्षर न गाळता.

"बाई," सून म्हणाली. "पाच न्या. हे सहावं देता येणार नाही."

"संच अपुरा राहील," चित्रकारीण म्हणाली.

"राहू दे. हे घरातलं आहे."

मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "अगं, पण ते तिकडचं घर... सोमवारी त्यांना कळवायचंय..."

"कळव त्यांना," सून म्हणाली, "की भिंती फार मोठ्या आहेत." आणि तिने झाड फ्रेमेत घातलं, खुर्चीवर चढली आणि खिळ्याला अडकवलं.

हेडबाई पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी झाडाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटलं. गळ्यापर्यंत आलंही.

"डावीकडून खाली गेलंय," त्या म्हणाल्या. "नीट लाव."